जाहीर आवाहन : एका मीटिंगवरून निकाल देऊ नका

कोपर, जुनी डोंबिवली, आयरे आणि परिसरातील बंधू-भगिनींनो,



दारू सोडायची आहे, पण एकट्याला जमत नाही, अशी माणसे आपल्या गावठाणात आहेत, चाळीत आहेत आणि टॉवरमध्येही आहेत. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. बाकीच्यांपैकी कुणी नवस बोलतो, कुणी गळ्यात माळ घालतो. कुणाची बायको लोकलच्या डब्यातल्या ‘न सांगता दारू सोडवा’ या स्टिकरवरचा नंबर फिरवते. जेवणातून गुपचूप औषध घालण्याच्या फंदात मात्र पडू नका. यातल्या काही औषधांवर दारू प्यायली गेली, तर जिवावर बेतू शकते.

यांहून वेगळी एक वाट आहे : दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार देण्याची. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे सगळे जिला ‘एए’ म्हणतात ती ही वाट, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांना सावरायला बसले. भारतात ही चळवळ १९५७ साली आली. इथे फी नाही, हजेरीपट नाही, आडनावही विचारत नाहीत. अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. हा निव्वळ भाबडेपणा नव्हे. २०२० साली कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. एएच्या ‘बारा पायऱ्या’ नावाच्या कार्यक्रमाशी माणसाला जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

तरीही अनेक जण एएच्या मीटिंगला एकदा जातात, शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर अंग चोरून बसतात, आणि ‘हे आपल्यातलं नाही’ म्हणत पुन्हा फिरकत नाहीत. आमचे सांगणे त्यांनाच आहे. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. कुठे मराठीत बोलतात, कुठे हिंदीत, कुठे इंग्रजीत. ‘ओपन’ मीटिंगला घरचे लोकही बसू शकतात, ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारूच्या त्रासातल्यांसाठी असते. निदान चार-पाच वेगवेगळ्या मीटिंगना बसा, मग ठरवा.

निवड करताना काय पाहाल? ज्या भाषेत भांडता आणि रडता, त्या भाषेतला गट पाहा. जी वेळ तुम्हाला बारकडे ओढते, त्याच वेळची मीटिंग पाहा. बरीच वर्षे दारूमुक्त असलेले आणि कालच आलेले, असे दोघेही तिथे आहेत का ते पाहा. एकेक जण फक्त पहिले नाव सांगून आपली कहाणी बोलतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही, चहा होतो, आणि निघताना कुणीतरी स्वतःचा फोन नंबर हातावर टेकवतो. असा गट सोडू नका. पहिल्या दिवशी ‘आज फक्त ऐकतो’ म्हटले तरी चालते. पण कुणी पैसे मागत असेल, औषध विकत असेल, मोबाइलवर चित्रण करत असेल किंवा तिथले बोलणे नाक्यावर नेत असेल, तर तिथून सरळ उठा.

‘ओळखीचं कुणी भेटलं तर?’ ही भीती खरी आहे. आपले कोपर दोन मार्गांवर आहे. खालून मध्य रेल्वेची धीमी लोकल, वरून दिवा-वसई गाडी. लाज वाटत असेल तर ठाणे गाठा, कल्याण गाठा, परक्या गावात बसा. मात्र लांबच्या गटाला नेमाने जाणे होत नाही. धीर आला की जवळचा गट धरा.

मीटिंग म्हणजे इस्पितळ नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. दाखल व्हायची गरज असेल, तर पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हे काम करते आहे. माता-भगिनींनो, तुमच्यासाठी ‘अल-अनॉन’चे स्वतंत्र गट असतात. नवरा वा मुलगा तयार नसला, तरी तुम्ही जाऊ शकता.

गटांची यादी एएच्या भारतीय संकेतस्थळावर मिळते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकांवरही चौकशी करता येते.

मंडळांना, शाळांना, सोसायट्यांना आणि देवस्थानांना विनंती : आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली, वीस खुर्च्या आणि एक पंखा, एवढेच एखाद्या गटाला द्या. एए बाहेरची देणगी घेत नाही, म्हणून नाममात्र भाडे घ्या, पण दारावर कोण येते-जाते याची चर्चा करू नका. हळदीच्या रात्री ‘एकच घे’ असा आग्रह करणाऱ्यांनीही यंदा तो आवरावा.

आणि जो हे वाचून ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणतो आहे, त्याने आजच एक फोन करावा.

आपले,
कोपर परिसरातील काही रहिवासी