मोकळ्या वाटेचा हक्क

विलायतेतील पर्यटनाची माहितीपत्रके चाळली, तर त्यांत निसर्गरम्य धावमार्गांची वर्णने हमखास आढळतात. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस हिरवी कुरणे, पुढे एखाद्या उमरावाच्या वाड्याभोवतीचे शेकडो वर्षांचे वृक्ष, आणि त्यांमधून जाणारी मळलेली वाट. आपल्याकडील सुस्थित वर्गालाही धावण्याची गोडी लागली आहे. २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतर शहरोशहरी अशा स्पर्धांचे पेव फुटले. धावणे ही चांगलीच गोष्ट आहे. धावणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. परंतु या देखाव्यातून जो धावणारा गाळला जातो, त्याच्या वतीने दोन शब्द बोलणे हे समाजवाद्यांचे कर्तव्य आहे.

तो धावणारा पाहायचा असेल, तर धाराशिव जिल्ह्यात पहाटे साडेचारला उठून सोलापूर-धुळे महामार्गावर उभे राहावे. तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा या पट्ट्यात रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीला धरून तरुणांची रांग अंधारात पळताना दिसते. अंगावर भडक रंगाचा सदरा नाही, हातात घड्याळ असेलच असे नाही. कोणी मोबाइलचा उजेड मागच्या वाहनाकडे धरून पळतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंगाला घासून जातात, मालमोटारींचे दिवे डोळ्यांवर येतात. या मुलांना देखावा नको आहे. त्यांना भरती हवी आहे.

पोलीस शिपायाच्या शारीरिक चाचणीत पन्नास गुण असतात. त्यांपैकी वीस गुण एकट्या लांब धावण्याला आहेत : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. थोड्या सेकंदांच्या फरकाने गुण उतरतात आणि त्या गुणांबरोबर घराचे भवितव्य उतरते. २०२४ साली राज्यात १७ हजार ४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभराच्या आसपास तरुण. सैन्याची वाट धरावी, तर जून २०२२ पासून तेथे चार वर्षांची अग्निपथ योजना आली. चौघांतील एकालाच पुढे कायम करण्याची तिची तरतूद. ज्या जिल्ह्याला २०१८ साली केंद्र सरकारने ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव देऊन मागासलेपणाच्या यादीत घातले, त्या जिल्ह्याच्या तरुणांची आकांक्षा महामार्गाच्या कडेला, वाहनांच्या चाकांपासून हातभर अंतरावर धावत आहे.

या मातीत धावण्याचे कसब नाही असे कोणी म्हणू नये. शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले आणि पुढल्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावल्या. खुद्द धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि खो-खोला दोन खांब व एक सपाट मैदान यांखेरीज काय लागते? परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साबळे लष्करात गेल्यानंतरच त्यांच्या धावण्याला शास्त्रशुद्ध वळण मिळाले. गावात असलेल्या मुलाला समाज मैदान देत नाही. तो सैनिक झाला की मग देतो. ज्यांची भरती हुकते, त्यांच्या पायांतले कर्तृत्व कोणाच्याच हिशेबात येत नाही.

आता त्या विलायती देखाव्याकडे वळू. तो निसर्गाने दिलेला नाही, तो लोकांनी लढून मिळवलेला आहे, हे माहितीपत्रके सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये गावांच्या सामाईक जमिनींना कुंपणे घालून त्या जमीनदारांनी गिळल्या, तेव्हा कष्टकऱ्यांच्या पायाखालची वाटही गेली. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर बंदी मोडून चढले. ती माळराने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या शिकारीसाठी राखलेली होती. पुढारी होता बेनी रॉथमन, वीस वर्षांचा मोटार-मेकॅनिक. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. सतरा वर्षांनी, १९४९ साली, मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा केला. २००० साली डोंगर-माळांवर मुक्त संचाराचा हक्क आला आणि २००९ च्या कायद्याने इंग्लंडच्या किनाऱ्याभोवती सलग पायवाटेची तरतूद झाली. अनेक जमीनदारी वाडे व त्यांची उद्याने वारसाकराच्या ओझ्यामुळे राष्ट्रीय न्यासाकडे आली. आज तेथे सकाळी धावणारा मनुष्य तुरुंगात गेलेल्या कामगारांच्या उपकारावर धावतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आपल्या जिल्ह्यालाही असाच इतिहास आहे. या जिल्ह्याचा मोठा भाग निजामाच्या ‘सर्फ-ए-खास’मध्ये, म्हणजे खाजगी मिळकतीत मोडत होता, त्याचा वसूल एका माणसाच्या तिजोरीत जाई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि १९४९ च्या आरंभी सर्फ-ए-खास संपले. एका माणसाचे जे होते ते जनतेचे झाले, असे आपण पाठ्यपुस्तकांत शिकवतो. परंतु पहाटेच्या अंधारात पळणाऱ्या मुलीने विचारावे, की त्यातले माझ्या वाट्याला काय आले, तर आपण कोणते उत्तर देणार?

नळदुर्गचा किल्ला घ्या. बोरी नदीला आडवा बांध घालून त्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात पाणीमहाल उभारला गेला. पावसाळ्यात त्याच्या डोक्यावरून नर-मादी हे धबधबे कोसळतात. पलीकडे रणमंडळ, अलीकडे उपळी बुरूज आणि मध्ये विस्तीर्ण मोकळे पटांगण. आदिलशाही गेली, मोगल आले, निजाम आला. १८५३ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि मेडोज टेलरसारख्या अधिकाऱ्याने तेथून कारभार पाहिला. पुढे पुन्हा निजाम. दगड वाहणारे आणि बांध घालणारे हात मात्र दर राजवटीत दरवाजाबाहेरच राहिले. स्वराज्यात किल्ला सरकारचा झाला, आणि २०१४ साली स्मारक संगोपनाच्या योजनेखाली दहा वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीच्या हाती देण्यात आला. झाडोरा निघाला, बाग झाली, पर्यटक वाढले, हे कबूल करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. प्रश्न निराळा आहे. जतनाचा खर्च सरकारला झेपत नाही म्हणून दरवाजावर तिकीट आले, तर तेथल्याच गावातील पोराने सूर्योदयापूर्वी आत पळण्यासाठी कोणाकडे जावे? किल्ल्याच्या बाहेरून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो. आत वाहनाविना मोकळी जागा आणि बाहेर भरधाव वाहने. आणि आमची मुले बाहेर!

गावोगावचे चित्र याहून उदास आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे असे म्हटले. शाळा तपासणाऱ्याच्या कागदावर ते असतेही. प्रत्यक्षात तेथे कडब्याच्या गंजी, वाळूचे ढीग किंवा एखाद्या सभामंडपाचा पाया दिसतो. गायरानांची कथा सर्वश्रुत आहे. सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांना हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात बजावले. पण अंमलबजावणीचा बडगा उगारला गेला की तो प्रथम कोणाच्या झोपडीवर पडतो, हे मराठवाड्यात सांगण्याची आवश्यकता नाही.

येथेच आमच्यातील काही साथींचा आक्षेप येतो, आणि तो ऐकण्याजोगा आहे. ते म्हणतात, पाणी नाही, सोयाबीनला भाव नाही, आणि तुम्ही पळण्याच्या वाटा मागता? शिवाय गायरानावर मैदान मागणे म्हणजे तेथे दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून हक्क सांगत आलेल्या दलित कुटुंबांना उठवण्यास गावच्या पाटीलशाहीला निमित्त देणे नव्हे काय?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी देतो. भूमिहीनाच्या ताब्यातील एक गुंठाही मैदानासाठी घेता कामा नये. अशी मागणी जो करील तो आमचा नव्हे. ज्यांच्याकडे स्वतःची विहीरबागायत असूनही ज्यांचे बांध गायरानात सरकले आहेत, त्यांच्याकडून जागा घ्यावी. ही माणसे कोण, हे प्रत्येक गावाला ठाऊक असते, आणि म्हणूनच कोणी बोलत नाही. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातूनही आम्ही वाट मागत नाही. वन्य प्राण्यांना त्यांची शांतता हवी. नळदुर्गच्या तटांवरून किंवा महालातून पळू द्या, असेही म्हणत नाही. पटांगणातील मळलेल्या वाटेवर अनवाणी पायांनी पळून कोणताही बुरूज ढासळणार नाही.

पहिल्या आक्षेपाला उत्तर असे, की येथे धावणे हा भाकरीपासून वेगळा प्रश्नच नाही. हे तरुण शेती पिकत नाही म्हणून धावतात. आणि समजा उद्या सर्वांना काम मिळाले, तरी मोकळ्या हवेत, निर्भयपणे पाय मोकळे करण्याचा आनंद श्रमिकाने मागू नये काय? आठ तासांच्या कामाची मागणी करणाऱ्या कामगारांनी उरलेल्या वेळेवरही हक्क सांगितला होता. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न सरळ स्वातंत्र्याचा आहे. भाऊ किंवा बाप सोबत येईल तरच ती रस्त्यावर पळू शकते. तो उसतोडीला गेला की तिची तयारी थांबते. १९२७ साली महाडचे तळे कागदावर सर्वांना खुले होते. पाणी प्याल्यावाचून तो हक्क खरा झाला नाही. सार्वजनिक जागेचेही तसेच आहे. जेथे जाता येत नाही, ती जागा सार्वजनिक नव्हे.

म्हणून मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. नळदुर्ग आणि परंडा या दोन्ही किल्ल्यांची पटांगणे सूर्योदयाच्या आधी एक तास व नंतर एक तास स्थानिकांना विनामूल्य उघडी असावीत. किल्ल्याच्या व्यवस्थेचा कोणताही करार पुढे होईल, त्यात हे कलम लिहिलेले असावे. महामार्गालगतच्या प्रत्येक मोठ्या गावी रस्त्यापासून दूर, दिव्यांची सोय असलेली किमान चारशे मीटरची मातीची धावपट्टी असावी. शाळेचे मैदान शाळा सुटल्यावर गावातील मुलामुलींना मोकळे असावे. खर्चाचे रडगाणे कोणी गाऊ नये. १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील स्त्री-पुरुषांनी दगड फोडून रस्ते आणि पाझर तलाव बांधले आणि त्यांच्या घामातून १९७७ चा रोजगार हमी कायदा जन्मला. रोजगार हमीत क्रीडांगणाचे काम बसते, हे पूर्वीच मान्य झालेले आहे. म्हणजे गावाला मैदान आणि मजुराला मजुरी, दोन्ही साधतात.

कार्यकर्त्यांनी निवेदने जरूर द्यावीत. पण तेवढ्यावर थांबू नये. एका पहाटे आपल्या तालुक्यातील रस्त्यावर जाऊन किती मुले, किती मुली पळतात ते मोजावे, त्यांची नावे त्यांच्याच संमतीने लिहावीत, आणि त्यांना बरोबर घेऊन ग्रामसभेत बसावे. गावच्या नकाशावर शाळेचे मैदान व गायरान कोठे आहे ते मागावे आणि नकाशा हातात धरून त्या जागेवर चालत जावे. दरवाजा बंद असेल तर त्याच्यासमोर शांतपणे उभे राहावे. रॉथमनच्या सोबत्यांनी याहून अधिक काही केले नव्हते. डोंगर तेथेच होता. ते फक्त त्यावर चढले.