भुताच्या गोष्टी आणि शहाणी पुस्तके

सरत्या वर्षी आम्ही काही वर्गमित्रांनी पाठ्यपुस्तकांखेरीज जे हाती लागले ते वाचून काढले. खटकचिंचोळीस मराठी पुस्तक निवडून घेण्याची चैन कोठली! निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत आमच्याच बिदर जिल्ह्यात होते; आता ते महाराष्ट्रात आहेत, आणि तिकडे कोणी लग्नाकार्यास गेला म्हणजे त्याच्या पिशवीतून काय येईल तेच आमचे ग्रंथालय. नारायण धारपांच्या भयकथा आल्या, 'चांदोबा'चे जीर्ण अंक आले, कारकळच्या अनंत पैंनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्रकथा' आल्या. 'बनगरवाडी' आली, 'जीवनसेतू'ही आले.

यांपैकी शेवटची दोन तेवढी वाचनीय, बाकी सारा कालापव्यय, असे वडीलधाऱ्यांचे मत पडले. आम्हांस ते आदरपूर्वक अमान्य आहे.

'चांदोबा'तील विक्रम-वेताळाचेच पाहा. प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा राजा अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त भेटतो. त्या ग्रंथाचे मूळ म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा'. परंपरा सांगते की, ती पैठणच्या सातवाहनांच्या काळी, पैशाची भाषेत म्हणजे चक्क पिशाचांच्या भाषेत रचली गेली, आणि राजाने ती तुच्छ मानून परत केली तेव्हा गुणाढ्याने एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकले. भुताच्या गोष्टीस नाक मुरडणारे तेव्हाही होतेच म्हणावयाचे! शिवाय तो वेताळ नुसता भिववीत नाही. प्रत्येक गोष्टीअखेर न्यायाचा अवघड प्रश्न घालतो. आमच्यात त्या प्रश्नांवरून जितके कडाक्याचे वाद झाले, तितके कोणत्याही धड्यावरून झाले नाहीत.

धारपांच्या कथेतील भीती दिवा लावताच विरते, हे खरे. परंतु त्याच सवयीने, पुढे काय होणार या ओढीने, आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) हाती घेतली. तीत भूत नाही. अखेरीस दुष्काळाने धनगरांची ती वाडी ओस पडते, आणि ती भीती भर दुपारीही जात नाही. धारपांनी वाचावयास लावले नसते तर आम्ही तेथवर पोचलोच नसतो.

सेतुमाधवराव पगडींचे 'जीवनसेतू' काही ठिकाणी आम्हांस जड गेले. तथापि १९१० साली निलंग्यास जन्मलेला हा गृहस्थ निजामाच्या राज्यात अधिकारी असताना गोंडी आणि कोलामी शिकला, उर्दू-फारसीत रमला, आणि मराठीत लिहीत राहिला. घरी मराठी, कचेरीत कानडी व बाजारात उर्दू बोलणाऱ्या आम्हां मुलांना तो परका कसा वाटावा?

तेव्हा शाळेच्या कपाटात भयकथा व चित्रकथा यांनाही एक फळी मिळावी. आमच्याजवळील जुने 'चांदोबा' आम्ही तिच्यासाठी देण्यास तयार आहोत. पाने सुटी झाली आहेत, शिवून घ्यावी लागतील.