चुन्याच्या रेषा

आमचा एक जुना विद्यार्थी सिव्हिल इंजिनिअर झाला. पहिलेच घर बांधले. पण स्वयंपाकघर लहान निघाले म्हणून घरमालकीण नाराज, शेवटचा हप्ता अडकला. "सर, काम नकाशाप्रमाणेच केले होते!"

आम्ही त्याला नगरच्या फराहबागेत नेले. निजामशाहीतला हा महाल आधी बांधला तो पसंत पडला नाही. पाडून पुन्हा बांधला. 1583 मध्ये पूर्ण झाला. सुलतानाला ते परवडले. कर्ज काढून घर बांधणाऱ्याला कसे परवडेल?

नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही. म्हणून पाया खोदण्याआधी जमिनीवर चुन्याने खोल्या आखा, घरातल्या बायकांना त्यात फिरू द्या. वाढीव कामाचा दर आधीच लिहून द्या. चूक झाली तर आपणच आधी सांगा. लोकांची आयुष्यभराची कमाई आपल्या हाती अमानत असते.