विश्लेषण : आधी रेनकोट की आधी हेल्मेट? घाटंजीच्या उन्हापावसात दुचाकीवर काय घालावे?

मृग नक्षत्र जवळ आले की घाटंजीच्या बाजारात बियाण्यांच्या पिशव्यांशेजारी रेनकोट टांगलेले दिसू लागतात. पहिली जोरदार सर आली की ते भराभर विकले जातात. हेल्मेटचे तसे नाही. यवतमाळला जायचे असेल किंवा चौकात पोलीस उभे असल्याचे कळले, तरच त्याची आठवण होते. अंग भिजू नये म्हणून हजार रुपये लगेच निघतात, पण डोके वाचवणाऱ्या वस्तूवर तेवढीच रक्कम खर्च करायला वर्षानुवर्षे मुहूर्त लागत नाही. खरेदीचा हा क्रम उलटा आहे.

घाटंजी तालुक्यात दुचाकी ही हौस नव्हे, ते रोजच्या रोजीरोटीचे साधन आहे. पारव्याकडच्या शाळेवर जाणारे शिक्षक, गावोगावी फिरणाऱ्या आरोग्यसेविका, पहाटे दूध घालणारे, खताची पिशवी टाकीवर आडवी ठेवून शेतात निघालेले शेतकरी अशा सगळ्यांचा दिवस दुचाकीवर सुरू होतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि तिच्यावर सर पडली की रस्ता साबणासारखा होतो. त्यामुळे मोठ्या शहरातल्या हौशी बाईकस्वारांसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

धोका नेमका किती?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर होती आणि त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन परीक्षणाने २००८ मध्ये निष्कर्ष काढला होता, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो.

‘गावातल्या गावात तर जायचे आहे, गाडी वीस-पंचवीसच्या वर जातच नाही,’ हे नेहमीचे उत्तर. पण वेगाचा हिशेब थोडा वेगळा असतो. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून डोके खाली आले, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर होतो. गाडी उभी असली तरीही. शेणावरून किंवा चिखलावरून चाक घसरून नुसता तोल गेला, तरी डोक्याला बसणारा मार लहान नसतो.

दुसरी गोष्ट अंतराची. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाला घाटंजीहून आधी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि तिथूनही अनेकदा सावंगी (मेघे) किंवा नागपूरला न्यावे लागते. एकट्या यवतमाळचा रस्ताच ४० किलोमीटरच्या घरातला. मेंदूला सूज येत असताना हा वेळ फार महाग पडतो. मोठ्या शहरात हेल्मेट जेवढे गरजेचे, त्याहून ते इथे अधिक गरजेचे आहे, कारण चूक सावरायला इथे वेळ कमी मिळतो.

खरे हेल्मेट कसे ओळखावे?

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीचे हेल्मेट भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राशिवाय बनवता किंवा विकता येत नाही. तरीही रस्त्याच्या कडेला चादर अंथरून दीड-दोनशे रुपयांत विकली जाणारी टोपी दिसतेच, आणि तिच्यावरही आयएसआयचे स्टिकर असते. स्टिकर छापायला काय लागते! म्हणून खूण नीट वाचावी. आयएसआय चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये हा परवाना क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव आणि परवान्याची स्थिती समोर येते. दुकानातच मोबाइलवर दोन मिनिटांत होणारे काम आहे. नाव जुळले नाही तर हेल्मेट परत ठेवावे.

हेल्मेटच्या आत कडक थर्माकोलसारखा थर असतो. खरे काम तोच करतो. आपटल्यावर तो स्वतः दबतो आणि धक्क्याचा जोर डोक्यापर्यंत पोहोचण्याआधी कमी करतो. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. त्यामुळे एका अपघातातून गेलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसले तरी बाद समजावे. जुन्या बाजारातून हेल्मेट घेऊ नये, ते याच कारणाने. स्वस्त टोपीच्या आत पाहिले तर या थराच्या जागी नुसता स्पंज असतो. बोटाने दाबले की लगेच कळते.

मापाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. भुवयांच्या थोडे वर, डोक्याभोवती टेप धरून सेंटीमीटरमध्ये माप घ्यावे. हेल्मेट घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबरच हलले पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकलले असता ते पुढे निघून येत असेल, तर पडताना ते डोक्यावर राहणार नाही. हनुवटीखाली पट्ट्यात दोन बोटे जातील एवढीच सैल जागा ठेवावी. पट्टा न लावलेले हेल्मेट पोलिसांना दाखवण्यापुरते असते. पहिल्याच आपटीत ते रस्त्याच्या कडेला उडते.

चेहरा पूर्ण झाकणारे हेल्मेट घ्यावे. दुचाकीवरून पडणारा माणूस बरेचदा तोंडावर पडतो आणि अर्ध्या टोपीत हनुवटी, दात, जबडा उघडेच राहतात. मानकाची खूण असलेले चांगले पूर्ण हेल्मेट साधारण हजार-दीड हजार रुपयांत मिळते. त्याहून महाग घेतल्यास वजन, हवा आणि आतले अस्तर यांत फरक पडतो.

उन्हात हेल्मेट सहन होत नाही, त्याचे काय?

ही तक्रार खरी आहे, ती उडवून लावण्यात अर्थ नाही. संरक्षक साधनांबाबत यवतमाळ जिल्ह्याच्या गाठीशी एक कडू अनुभव आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर मास्क, चष्मा, हातमोजे यांची किट वाटली गेली. पण दमट उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत ती अंगावर ठेवून दिवसभर फवारणी करणे किती जड जाते, हे करणाऱ्यालाच विचारावे. अंगावर टिकत नाही ते साधन खुंटीवर जाते. हेल्मेट निवडताना हीच कसोटी लावली पाहिजे.

म्हणून काळ्या मॅट रंगाचा मोह सोडून पांढरे किंवा फिकट रंगाचे हेल्मेट घ्यावे. ते कमी तापते आणि रात्री लवकर दिसतेही. पुढे हवा आत घेणारी आणि मागे बाहेर सोडणारी छिद्रे असावीत. आतले अस्तर काढून धुता आले पाहिजे, नाहीतर मे महिन्यात घामाच्या वासानेच ते घरी राहते.

विदर्भात उन्हाळ्यात पुरुषही डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. उन्हासाठी तो योग्यच. पण चार घड्यांच्या दुपट्ट्यावर हेल्मेट चढवले की ते वर उचलले जाते, डोलते आणि मापाचा सगळा उपयोग संपतो. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी किंवा एका पदराचे कापड पुरते. मान झाकायला दुपट्टा घ्यायचा तर त्याची टोके शर्टात खोचावीत.

रेनकोट कोणता घ्यावा?

गाडीसाठी शर्ट-पँट असा दोन भागांचाच रेनकोट घ्यावा. अंगावर नुसता टाकायचा घोळदार रेनकोट, प्लास्टिकचा कागद किंवा पोत्याची खोळ शेतात चालते. गाडीवर मात्र ती वाऱ्याने फुगते, आरसा झाकते, आणि खालचे टोक साखळीत किंवा चाकात गेले की माणसासकट ओढते.

रेनकोट गळतो तो कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त. आत हात घालून शिवणीवर आतल्या बाजूने पट्टी चिकटवली आहे का, हे पाहावे. सर्वात आधी पाणी शिरते ते पँटच्या बैठकीतून. सीटवर पाणी साचते आणि वरून माणसाच्या वजनाचा दाब पडतो. तिथली शिवण पक्की नसेल, तर वरचा कोट कितीही भारी असला तरी शिक्षक वर्गात ओलेच पोहोचतात. काही कोटांवर पाण्याचा दाब सोसण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. तो जितका मोठा तितके चांगले. साध्या प्लास्टिकचा कोट पाणी अडवतो, पण घामही आतच ठेवतो. आत जाळीचे अस्तर असलेला, काखेत हवेला वाट असलेला कोट थोडा महाग पडतो, पण तो अंगावर राहतो. नेहमीच्या कपड्यांवरून सहज चढेल असा एक माप मोठा घ्यावा.

रंगाबाबत दुकानदार काळा, निळा पुढे करतात, कारण त्यावर चिखल दिसत नाही. पण पावसाळी संध्याकाळी तसा माणूसही दिसत नाही. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे येते. पिवळा किंवा नारिंगी कोट, पाठीवर आणि दंडावर उजेड परतवणारी पट्टी यामुळे समोरच्याला हे एक-दोन सेकंद मिळतात. काळा कोट घरात असेलच तर अशी चिकटपट्टी आणून हेल्मेटच्या मागे आणि डिकीवर लावावी. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा.

पावसात हेल्मेटची काच आतून धुरकट होते म्हणून अनेक जण ती वर करतात आणि मग टोचणाऱ्या थेंबांमुळे डोळे मिटत गाडी चालवतात. काच अगदी थोडी उघडी ठेवून हवा खेळती ठेवली तर धुके बरेच कमी होते. ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या दिव्यात पांढरी पडते. ती वेगळी विकत मिळते, त्यासाठी नवे हेल्मेट लागत नाही. गडद काच संध्याकाळनंतर वापरू नये.

मागे बसणाऱ्यांचे काय?

घराघरात हेल्मेट असले तर एकच असते, आणि ते चालवणाऱ्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. कलम १९४ डी मध्ये १ हजार रुपये दंडाची आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून मापाचे हेल्मेट, चालकाशी जोडून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम आहे. कडेवर बाळ घेऊन एकाच बाजूला पाय सोडून बसलेली आई तालुक्यात कोणत्याही रस्त्यावर दिसते. हे नियम तिच्यापर्यंत पोहोचलेलेच नाहीत.

पावसाळ्यात तिच्या हाती छत्री असते. चालत्या गाडीवर उघडी छत्री म्हणजे शीड. समोरून ट्रक गेला की वाऱ्याचा झोत तिला मागे ओढतो आणि दोन्ही हात गुंतलेली बाई तोल सावरू शकत नाही. अशा पडण्यात डोक्याची मागची बाजू आधी आपटते. घरात रेनकोट दोन घ्यावेत. पैसे एकाचेच असतील, तर तो मागे बसणाऱ्याला द्यावा आणि छत्री घरी ठेवावी. साडीचा पदर, ओढणी यांसाठी मागच्या चाकाची जाळी नियमानेच बंधनकारक आहे. गाडी हलकी दिसावी म्हणून ती काढून टाकू नये.

जॅकेट, हातमोजे, बूट

पॅड लावलेले रायडिंग जॅकेट पाच-सात हजारांचे. रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्याने ते घेतलेच पाहिजे, असे म्हणता येणार नाही. रोज यवतमाळ किंवा पांढरकवड्याला महामार्गाने ये-जा करणाऱ्याने जाळीदार जॅकेटचा विचार जरूर करावा. त्यात खांद्याच्या व कोपराच्या पॅडवर युरोपीय ‘सीई’ खूण आहे का, ते पाहावे. नुसता स्पंज शिवलेली जॅकेटेही त्याच भावात मिळतात. जलरोधक अस्तर आत असलेले जॅकेट बाहेरून भिजून जड होते, त्यामुळे पावसात वरून साधा रेनकोटच बरा.

हातमोजे मात्र सर्वांनी घ्यावेत. पडताना माणूस आधी हात टेकतो आणि तळव्याची साल निघालेला मजूर पंधरा दिवस कामावर जाऊ शकत नाही. पायात चपलेऐवजी घोटा झाकणारा बूट असावा. शेतातले गमबूट पावसात चालतील, फक्त तळ गुळगुळीत झालेला नको, तो ब्रेकवरून सरकतो.

नवी गाडी घेताना एक गोष्ट विसरू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार दुचाकी विकताना मानकाचे हेल्मेट ग्राहकाला देणे उत्पादकावर बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे, त्याच्यावरचा परवाना क्रमांक तिथेच तपासावा आणि त्याच दिवशी मागच्या सीटसाठी दुसरे विकत घ्यावे.