छंदांचा कट्टा : ड्रॅगनचा डावा पंख



दिवाळीत किल्ल्यावर मांडायला मावळे आणायला गेलात की तुम्ही काय करता? एकेक उचलून बघता. याचं नाक बसकं, त्याची तलवार मोडकी, हा बरा दिसतोय! आज ज्या पुतळ्यांबद्दल सांगणार आहे त्यांच्याकडेही असंच बघायचं असतं, फक्त नजर आणखी बारीक हवी. कारण यातला माणूस तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजला तर जेमतेम २८ मिलिमीटर भरतो. त्याचे हात, डोकं, ढाल, सगळं सुटं येतं आणि तुम्ही ते जोडायचं.

हे पुतळे मूळचे खेळातले. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. राक्षस, जादूगार, बुटके योद्धे अशा पात्रांचा. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ सुरू झाली आणि नंतर इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या परिसरात अशा पुतळ्यांचे कारखानेच उभे राहिले. तेव्हा ते शिशाच्या मिश्रधातूचे असत. शिसं विषारी, त्यामुळे पुढे बिनशिशाचा धातू आला, प्लॅस्टिक आलं आणि रेझिनही आलं.

रेझिन म्हणजे काय? दोन पातळ द्रव असतात. ते एकत्र केले की काही मिनिटांत घट्ट होतात. सिलिकॉन रबराच्या मऊ साच्यात हे मिश्रण ओततात. रबर इतकं नाजूक ठसा घेतं की ड्रॅगनच्या अंगावरचा खवला न् खवला उमटतो. पण ढवळताना हवा आत शिरते, बुडबुडे होतात, वर चढतात आणि साच्याच्या कोपऱ्यात अडकतात. कोपरे म्हणजे कुठले? बोटांची टोकं, नाक, शिंगांची अग्रं! म्हणूनच चांगले कारागीर साचा दाबाच्या भांड्यात ठेवतात किंवा मिश्रणातली हवा आधीच खेचून काढतात.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. स्वारी आठवीत आहे. सात महिने खाऊचे पैसे साठवून त्यानं ड्रॅगनवर बसलेल्या सरदाराचा संच मागवला. कुठून, ते विचारू नका. खूप स्वस्त मिळाला, एवढं मात्र त्यानं चारदा सांगितलं. शाळेच्या प्रदर्शनाला आठ दिवस होते. खोकं उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. डावा पंख जिलबीसारखा वळलेला, सरदाराच्या नाकाच्या जागी खड्डा!

“मामा, फेकून देऊ?”

“थांब रे. आधी बघू तरी.”

टेबलावर पांढरा कागद पसरला, दिवा एका बाजूनं तिरका लावला. समोरून उजेड असला की दोष लपतात, हे ध्यानात ठेवा. आधी भाग मोजले. सगळे होते. मग वाकलेला पंख. रेझिनचा पातळ भाग वाकडा येणं हा मी दोष मानतच नाही. आईला सांगून कढत पाणी घ्या (उकळतं नको), भाग त्यात मिनिटभर ठेवा, चिमट्यानं काढा, हलक्या हातानं सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवा. आमचा पंख दुसऱ्या खेपेला सरळ झाला. बुडबुडा पायाखाली असेल तर सोडून द्या, चेहऱ्यावर असेल तर नाराज व्हा. खड्डा भरायला एम-सीलचा मोहरीएवढा गोळा पुरतो. दोन्ही भाग नीट मळायचे, ओल्या टूथपिकनं बसवायचा. नाक मात्र आम्हाला तीनदा करावं लागलं. पहिलं तर बटाट्यासारखं झालं होतं!

पण एक गोष्ट दुरुस्त होण्यासारखी नव्हती. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे पुतळ्यावर एक बारीक रेघ उठते. ती असायचीच. या ड्रॅगनच्या पाठीवर मात्र दोन रेघा होत्या. एक ठळक, आणि शेजारी दुसरी पुसट, खवल्यांत मिसळलेली. वर सगळे खवले साबणाच्या झिजलेल्या वडीसारखे गुळगुळीत. मी समजलो. कुणीतरी खरा संच विकत आणून त्यावरून आपला साचा काढला होता. त्या साच्यात मूळची रेघही उतरली. शिवाय रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, म्हणून नक्कल मूळापेक्षा थोडी लहान होते. मूळ ड्रॅगन घडवणाऱ्या शिल्पकाराला यातला एक पैसाही मिळत नाही.

भाचा म्हणाला, “पण मला काय माहीत?” खरं होतं. मी गप्प बसलो. विकणाऱ्याला त्यानं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही.

जोडायचं ठरलं. आधी सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशनं धुतले. पुतळा साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर निघाला नाही तर डिंक धरत नाही आणि रंगही सोलपटतो. मी चहाला उठलो तेवढ्यात साहेब कोरड्या पॉलिश पेपरनं पाठ घासायला बसले. पांढरी भुकटी उडत होती आणि हा तोंडानं फुंकर मारून ती उडवत होता! मी इतका ओरडलो की ताई स्वयंपाकघरातून धावत आली. रेझिनची धूळ फुप्फुसात जाता कामा नये, बरं का. वॉटर पेपर घ्यायचा, भाग ओला ठेवून घासायचा, तोंडावर मास्क बांधायचा आणि कागद ओल्या फडक्यानं पुसायचा. पालकांनो, इथे तुम्ही शेजारी बसा. कटरच्या वेळीही.

प्लॅस्टिकच्या विमानांचा डिंक रेझिनवर चालत नाही. फेविक्विकसारखा झटपट डिंक लागतो, तोही थेंबभर, आणि खिडकी उघडी ठेवून. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा. हा डिंक पक्का असला तरी ठिसूळ असतो, धक्का लागला की जड भाग निखळतो. म्हणून पंखात आणि धडात हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं भोकं पाडून आम्ही कागदाच्या क्लिपची तार आत घातली. डिंक लावण्याआधी सगळं तसंच जुळवून बघितलं. डाव्या पंखाशी नखभर फट राहिली. तीही एम-सीलनं भरली.

प्रदर्शनात ड्रॅगन उभा राहिला. खाली चिठ्ठी कुणी लिहायची यावर आमचं भांडण झालं. शेवटी त्यानंच लिहिली : ‘हा नकली संच आहे. मला घेताना कळलं नाही. नाक मी केलं आहे.’ बक्षीस नाही मिळालं, पण त्या चिठ्ठीपाशी चित्रकलेच्या बाई बराच वेळ थांबल्या होत्या म्हणे. आता तो पुन्हा पैसे साठवतोय, या वेळी एकट्या बुटक्या योद्ध्यासाठी. तोही लहान, पण खरा.

रंगाआधीचा अस्तराचा हात कसा द्यायचा, ते पुढच्या अंकात.

तुमचा,
कट्टेकर मामा