आई पाण्यात उतरली

परवाच्या रविवारी आईला जोन्स बीचवर नेलं. न्यूयॉर्कजवळ, लाँग आयलंडच्या दक्षिणेला समुद्रात एक अरुंद लांबलचक बेट आहे, त्यावरचा हा सरकारी किनारा. साडेसहा मैल नुसती वाळू, आणि उन्हाळ्यातल्या रविवारी तीही कमी पडते. छत्र्या, कूलर, रडणारी पोरं, दहा भाषांतली भांडणं... मला अशी गर्दी आवडते, नवऱ्याला नाही. असो. एक थालीपीठ सीगलने पळवलं, तेवढंच काय ते नुकसान.

आई कोकणातली. समुद्र माहेराहून पाच मिनिटांवर. तरी सत्तर वर्षांत घोट्याच्या वर पाणी लागलेलं नाही. साडी चिमटीत धरून उभं राहायचं, लाट आली की मागे सरायचं. मी समजत होते, लाजते. संस्कार वगैरे.

म्हणून "आई, चल की आत" म्हटल्यावर "या वयात शोभतं का?" ऐकायची तयारी ठेवली होती. तिने विचारलं, "कपडे कुठे बदलायचे?"

बाथहाऊस दाखवलं. आत जाऊन सगळं बघून आली - शॉवर, संडास, कपडे बदलायची जागा. "मग हरकत नाही," म्हणाली, आणि सलवारीवर माझा टीशर्ट चढवून सरळ पाण्यात. लाट डोक्यावरून गेली तेव्हा अशी काही ओरडली की लाईफगार्डने मान वळवली!

मंडळी, इतकी वर्षं मी ज्याला संस्कार म्हणत होते ते निघालं न्हाणीघर. आपण म्हणतो किनारा सगळ्यांचा, तिकीट कुठे आहे? पण पुरुष चड्डीवर डुंबून ओलेत्याने घरी जाऊ शकतात. बायका वाळूत चपला आणि पिशव्या राखत बसतात. माझ्या मते अर्ध्या गावाला पाण्यात उतरताच येत नसेल तर तो किनारा सार्वजनिक नव्हे.

हा बीच १९२९ साली उघडला तो रॉबर्ट मोझेसने. साध्या माणसांनी कपडे बदलायचे म्हणून त्याने दगडविटांच्या देखण्या इमारती उठवल्या. पण त्याच माणसाने इकडे येणाऱ्या पार्कवेवरचे पूल मुद्दाम बुटके ठेवले, म्हणजे बसने येणारे गरीब आणि काळे लोक पोचूच नयेत, असं रॉबर्ट कॅरोने १९७४ च्या चरित्रात लिहिलंय. पुलांमागच्या हेतूवर वाद आहे. पण गाडी नसणाऱ्यांची त्याने फिकीर केली नाही, एवढं मला पटतं. म्हणजे दार उघडलं, पण ज्यांच्याकडे गाडी त्यांच्यासाठीच. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मेल्याला निम्मीच अक्कल होती."

संध्याकाळी ती कोरडी साडी नेसून, केस मोकळे सोडून बाकावर बसली होती. फोनवर मावशीला सांगत होती, "अगं, खारट पाणी नाकातोंडात गेलं!"

मावशी, पुढच्या उन्हाळ्यात तू ये. पंजाबी ड्रेस घेऊन ये, दोन.