गाडी बाईच्या नावावर, मीटर मात्र बंद

बाईच्या नावावर घर असावे, शेत असावे, ही मागणी आपण साऱ्याजणी कितीतरी वर्षे करत आलो आहोत. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनात ग्रामीण बायका फार मोठ्या संख्येने जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण आले. त्याच वर्षी राज्यात हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क मिळाला. या यादीत आता वाहनाचीही भर पडली आहे. राज्य शासनाच्या २०२४ च्या पिंक ई-रिक्षा योजनेत किमतीचा २० टक्के भाग शासन देते, १० टक्के बाई भरते आणि ७० टक्के बँकेचे कर्ज असते. ही योजना मोठ्या शहरांसाठी आहे. पण आमच्या मोहाडीकडेही बचत गटाच्या कर्जातून, कधी नवऱ्याच्या मागे, कधी कागदावर सवलत मिळते म्हणून, टेम्पो, व्हॅन, काळीपिवळी बाईच्या नावावर होत आहेत.

नावावर होते ही चांगलीच गोष्ट. पण नावावर होणे आणि हातात येणे यात बरेच अंतर असते, हे शेतीच्या बाबतीत आपण पाहिले आहे. सातबाऱ्यावर बाईचे नाव, आणि धान विकायला जाणार, पैसे मोजून घेणार दुसराच. गाडीचेही तेच होऊ नये म्हणून मी एका छोट्याशा वस्तूबद्दल लिहिणार आहे. स्टिअरिंगच्या मागे काचेखाली जे काटे आणि दिवे असतात, ते मीटर.

मीटर म्हणजे गाडीची हिशेबाची वही. वेगाचा काटा सगळ्यांना दिसतो. पण धंद्याच्या गाडीत त्याहून महत्त्वाचा असतो तो किलोमीटरचा आकडा. गाडी किती चालली हे कळले तरच तेल किती लागायला हवे होते हे कळते, ऑइल कधी बदलायचे ते कळते, टायर किती टिकला ते कळते. हिशेब अगदी चौथीच्या मुलीला जमेल असा आहे. टाकी पूर्ण भरा, आकडा लिहून ठेवा. पुन्हा भराल तेव्हा नवा आकडा लिहा आणि किती लिटर बसले ते पाहा. समजा मधे २४० किलोमीटर झाले आणि १६ लिटर बसले, तर लिटरला १५. पुढच्या वेळी हाच आकडा ११ आला तर विचारायचे, का? इंजिनात बिघाड आहे, गळती आहे, की तेल दुसरीकडे गेले? मीटर बंद असेल तर हा प्रश्नच विचारता येत नाही. जो गाडी चालवतो तो सांगेल ते खरे.

आमच्या तालुक्यातल्या एका गावची ही गोष्ट. बाईचे नाव सांगत नाही. नवरा वारल्यावर काळीपिवळी तिच्या नावावर झाली. हप्ते राहिलेले होते. गाडी तिचा दीर चालवायचा. मीटरचा काटा कधीपासून शून्यावर पडलेला, आकडा हलत नव्हता. रोज संध्याकाळी दीर सांगेल तेवढे डिझेल आणि देईल तेवढे पैसे. हप्ता थकला की नोटीस मात्र हिच्या नावाने. ती मीटरचे बोलली तर दीर म्हणाला, "वहिनी, मीटर बनवून कायले पायजे? गाडी तं चालते ना! मले सारा रस्ता पाठ हाय." गटाच्या बैठकीत तिने हे सांगितले आणि पुढे म्हणाली, "त्याईले रस्ता पाठ हाय, पण मले हिसाब कोण देईन?"

गॅरेजवाल्याने न उघडताच पूर्ण मीटर बदलावे लागेल असे सांगितले होते. गटातल्या एका बाईची मुलगी आयटीआयला शिकते. ती म्हणाली, आधी उघडून तर पाहू. एका रविवारी सहा-सात जणींनी मिळून ते मीटर काढले. मी बॅटरी धरून उभी होते. वेगाची केबल आत तुटलेली निघाली. काही शे रुपयांची नवी केबल बसवली आणि आकडा हलू लागला.

हे काम कसे असते ते इथे थोडक्यात देते, कारण आपल्या मासिकांत लोणच्याची कृती जशी येते तशी हीसुद्धा यायला हवी.

उघडण्याआधी दोष कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा. सगळेच काटे आणि दिवे बंद असतील तर प्रथम फ्यूज बघायचा. तो काही रुपयांत मिळतो. फक्त तेलाचा काटा चुकत असेल तर बहुधा दोष टाकीतल्या तरंगत्या गोळ्याचा किंवा त्याच्या वायरचा असतो, मीटर काढून उपयोग नाही. फक्त वेग आणि किलोमीटर बंद असतील तर जुन्या गाडीत केबल, नव्या गाडीत सेन्सर. जुन्या मीटरची रचना साधी आहे. गिअरबॉक्सपासून आलेली केबल मीटरच्या आत एक लोहचुंबक फिरवते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि काटा सरकतो. त्याच केबलवर दातेरी चाके फिरून किलोमीटरचे आकडे बदलतात. ओट्टो शुल्झ या जर्मन माणसाने १९०२ मध्ये पेटंट घेतलेले हे तत्त्व पुढे कित्येक दशके जगभरच्या गाड्यांत वापरले गेले. त्यात गूढ काही नाही.

उघडायचे ठरले तर गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चावी काढून. मोबाइलवर मीटरचा फोटो घ्यायचा, आकड्यासकट. मग बॅटरीची ऋण, म्हणजे वजा खुणेची तार सोडायची, बहुतेक गाड्यांत दहा नंबरच्या पान्याने सुटते. एअरबॅगची गाडी असेल तर पुस्तिकेत दिला असेल तेवढा वेळ थांबायचे आणि एअरबॅगच्या भागाला हात लावायचा नाही. स्टिअरिंग खाली होत असेल तर पूर्ण खाली करून त्यावर जाड फडके टाकायचे, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. मीटरभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीचे स्क्रू बहुधा वरच्या कडेला आतून असतात, वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. ते काढल्यावर चौकट नुसत्या खटक्यांवर असते. दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढायची. पेचकसाने उचकटू नये, जुने प्लास्टिक लगेच तुटते. मग खुद्द मीटरचे तीन-चार स्क्रू. मीटर थोडेसे पुढे घ्यायचे, मागे हात घालून केबलचा खटका दाबून ती सोडवायची, वायरचे प्लग कुलूप दाबून काढायचे. वायर धरून कधीच ओढायची नाही.

स्क्रू ठेवायला आम्ही इडलीपात्र वापरले. ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने एकेका खळग्यात. पुन्हा बसवताना एकही उरला नाही. जुन्या मीटरमागचे बल्ब होल्डरसह पाव वळण फिरवले की निघतात. काळे पडलेले बदलावेत. काट्यांना बोट लावू नये. नवी केबल बसवताना तिला थोडे ग्रीस लावायचे, पण मीटरकडचे टोक कोरडे ठेवायचे, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरच्या आत जाते. सगळे प्लग जोडल्यावरच बॅटरीची तार लावायची आणि चावी फिरवायची. मीटर निघालेले असताना चावी फिरवली तर नव्या गाड्यांत एअरबॅगचा किंवा ब्रेकचा दिवा उगाच लागून बसतो.

नव्या गाड्यांत किलोमीटरचा आकडा चाकांवर नसतो, इलेक्ट्रॉनिक स्मृतीत असतो. तिथे मीटर बदलले तर आकडाही बदलू शकतो. म्हणून जुन्या आकड्याचा फोटो आणि कामाची पावती जपून ठेवावी. आकडा मुद्दाम कमी करून गाडी विकणे ही सरळ फसवणूक आहे, त्या वाटेला जाऊ नये. वॉरंटीतली गाडी स्वतः उघडू नये. एअरबॅग आणि ब्रेकचे दिवे लागत असतील तर ते काम जाणकाराकडेच द्यावे. पण तिथेही जवळ उभे राहावे, काय बदलले ते विचारावे आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप आमच्याच कार्यकर्त्या मैत्रिणी घेतात. बाईच्या डोक्यावर आधीच घर, मजुरी, बिड्या, पाणी, गटाची बैठक. त्यात आता गाडीची दुरुस्तीही का? हा आक्षेप मला रास्त वाटतो. प्रत्येक बाईने दर वेळी पाना हातात घ्यावा असे माझे म्हणणेच नाही. पण एकदा उघडून पाहिलेल्या बाईला "पूर्ण मीटर गेले" असे सहज सांगता येत नाही. स्वयंपाक दुसऱ्याने केला तरी आमटीत काय आहे हे आपल्याला कळते, तेवढे कळले तरी पुरे.

दुसरा आक्षेप, गॅरेजच्या पोरांच्या पोटावर पाय येईल. मुळीच नाही. ती पोरेही गरिबाघरची आहेत, कुणाच्या तरी हाताखाली शिव्या खात शिकलेली. ज्ञान दडवून ठेवण्याची रीत त्यांनी निर्माण केलेली नाही. प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक चांगल्या मिस्त्रीला आवडतेच.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना, बायकांचे हे डोके नाही. मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणणाऱ्या घरांत जाऊन हे बोलून दाखवावे. डोळ्याला जेमतेम दिसणारा तुटलेला धागा हजारो धाग्यांतून शोधून जोडणाऱ्या बाईला वायरचा प्लग जड जाईल का? शिलाई मशीनचा ताण बसवणारी, पंपाची मोटार सुरू होईना तेव्हा स्टार्टर पाहणारी बाई गावोगाव आहे. फक्त त्या कौशल्याला कुणी मिस्त्रीकाम म्हणत नाही.

इतिहासही हेच सांगतो. १८८८ मध्ये बर्था बेंझ या जर्मन बाईने नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभरावर किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईने केला आणि वाटेतली दुरुस्तीही तिनेच निभावली. आपल्याकडे १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि ती नोकरी मिळवली. १९८८ मध्ये शीला डावरे पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. २०२३ मध्ये एसटीच्या स्टिअरिंगवर बाई बसली. स्टिअरिंगपर्यंत आपण पोचलो. बॉनेट आणि मीटर अजून परके आहे.

म्हणून काही मागण्या मांडते. बाईला वाहनासाठी कर्ज देणाऱ्या प्रत्येक योजनेत चालवण्याच्या प्रशिक्षणाबरोबर किमान आठ दिवस दुरुस्तीचे असावेत. शिकवताना गाडी प्रत्यक्ष उघडलेली असावी, नुसते व्याख्यान नको. गटाच्या निधीतून एक पान्यांचा संच घ्यावा आणि तो गटाच्या पेटीत राहावा. राज्यातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात त्या भराव्यात म्हणून आपण घरोघर जाऊन आयांशी बोलावे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारगाड्याही येतात. पण दुरुस्तीची पुस्तिका इंग्रजीत असेल तर तो हक्क आमच्या बाईला कसा मिळणार? ती मराठीत हवी, चित्रांसह हवी.

त्या काळीपिवळीचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. आठ दिवस दीर रुसून बसला होता. मग गाडीत एक वही ठेवली गेली, सकाळी आणि संध्याकाळी आकडा लिहायचा, भरलेले लिटर लिहायचे. काही आठवड्यांत दोन गोष्टी दिसल्या. परतीच्या कित्येक फेऱ्या रिकाम्या होत होत्या. हे दीर पूर्वीपासून सांगत होता आणि ते खरेच होते. आणि नातेवाइकांच्या लग्नाकार्याला गाडी फुकट जात होती, ते मात्र कधी कुणी सांगितले नव्हते. आता बाहेरगावी गाडी हवी असेल तर लोक तिला विचारायला येतात, आणि डिझेलचे पैसे आधी ठरतात. मागच्या कुठल्या हिशेबात गडबड होती की नव्हती, ते वही सांगू शकत नाही. पुढचा हिशेब मात्र तिच्या हातात आहे, आणि संध्याकाळचा आकडा ती स्वतः लिहिते.